हे कशाचं आहे?



दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आपण आधी तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून "दादा, यात बटाटा आहे का?" असं विचारायला आपल्याला लाज वाटत नाही. आईस्क्रीम असो, औषधाची कॅप्सूल असो, "हे कशाचं आहे?" हा प्रश्न लहानपणापासून आपल्या तोंडात बसलेला असतो. पण ज्या घरात आपण राहतो, स्वयंपाक करतो, सामायिकाला बसतो, ते घर कशाचं आहे हे मी वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते कसं विचारायला शिकले, ते आज सांगते.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकर मैत्रिणींना सांगायला नको. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. पाणी उतरल्यावर आलो तर खालच्या मजल्यावर घोटाभर गाळ आणि माझं स्वयंपाकघर नुसतं फुगलेलं. दोनच वर्षांपूर्वी हौसेनं मॉड्युलर करून घेतलं होतं, पावणेदोन लाख रुपये मोजून. कपाटाच्या कडेला बोट लावलं तर भिजलेल्या पोह्यांसारखा चुरा हातात आला. विकताना दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, एकदम वॉटरप्रूफ आहे." मी विचारलं नव्हतं की वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय. रंग तेवढा तीन वेळा बदलून घेतला होता.

त्याच खोलीत सासूबाईंचं साठ वर्षांचं सागवानी कपाट होतं. तेही तेवढेच दिवस पाण्यात होतं. आम्ही ते धुतलं, सावलीत वाळवलं. वरची नक्षीची पट्टी सुटून आली आणि पॉलिशवर पांढरे चट्टे पडले, पण महिन्याभरात दारं पुन्हा नीट लागायला लागली. खालच्या शहाबादी फरशीला तर काहीच झालं नाही. आई म्हणाल्या, "तुझं वॉटरप्रूफ गेलं गं, माझं नुसतं लाकूड राहिलं." त्यात टोमणा नव्हता, तरी मला लागलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या वर्षी लेक शिकायला पुण्याला गेली आणि मी इंटिरियरच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला नाव घातलं. यांना वाटलं, घर सजवायला शिकेल. मला सजावट शिकायचीच नव्हती. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की आपण फसलो कुठे.

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुलं. पहिला महिनाभर मला "काकू" म्हणायची. पुढे माझ्या डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या संपवायला लागली तेव्हा "ताई" झाले.

सरांनी पहिल्याच तासाला टेबलावर चार तुकडे ठेवले आणि म्हणाले, "रंग बघू नका, कड बघा." वरून चारही सारखेच, गुळगुळीत. कडेला मात्र प्रत्येकाचं खरं रूप. पहिला पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदात मळून दाबलेला, जसा आपण लाडू वळतो. पाणी लागलं की लाडू सुटतो. माझं स्वयंपाकघर ते हेच. दुसरा एमडीएफ, तोच प्रकार पण बारीक तंतूंचा, बेसनासारखा एकजीव. तिसरा ब्लॉकबोर्ड, आत लाकडाच्या पट्ट्या आणि वरून पातळ पापुद्रे. चौथा प्लायवूड. त्याचे चिरोट्यासारखे पदर, आणि प्रत्येक पदराचे रेषे आधीच्या पदराला आडवे. पदर नेहमी विषम संख्येत, पाच, सात, नऊ. म्हणून तो सहज वाकत नाही आणि तडकत नाही.

प्लायवूडमध्येही जाती. साधा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ या मानकाचा, तो हवेतली ओल सोसतो, पाणी नाही. मरीन म्हणतात तो आयएस ७१०, त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून करतात. फरक मुख्यतः गोंदात. साध्या प्लायला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, पाण्यातल्याला फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा. फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेला तपकिरी दिसते. पण साध्या गोंदात रंग घालून तीही नकली करता येते, म्हणून शिक्का आणि बिल दोन्ही बघायचं.

मला वाचून पटत नाही, करून बघितल्याशिवाय. वर्गातून तीन तुकडे मागून आणले आणि परसात चुलीवर तेलाच्या जुन्या डब्यात पाणी उकळून त्यात टाकले. आई बाहेर येऊन बघायला लागल्या. "काय शिजवतेस?" म्हटलं, "आई, आपलं स्वयंपाकघर." पार्टिकल बोर्डाची थोड्याच वेळात खिचडी झाली. साधा प्लाय दुपारपर्यंत टिकला, मग एका कोपऱ्यातून पदर सुटायला लागले. तिसरा तुकडा संध्याकाळी काढला तरी तसाच. आईंनी तो पुसून हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्या मनातलाच प्रश्न विचारला, "हे विकत घेताना कुणी सांगितलं नव्हतं?" सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नव्हतं.

मग साइट व्हिजिट सुरू झाल्या. टिंबर एरियातल्या वखारीत ओलं लाकूड आणि मुरलेलं लाकूड वजनावरून ओळखायला शिकले. दगडांच्या यार्डात सरांनी खिशातून लिंबू काढलं. पांढऱ्या संगमरवरावर थेंब टाकला, थोड्या वेळानं पुसला, तर तेवढ्या जागेची चमक गेलेली. संगमरवर मुळात चुन्याचा दगड, आंबट लागलं की तो झिजतो. कडप्पा, कोटा, शहाबादी हेही चुनखडीचेच, म्हणून कडप्प्याच्या ओट्यावर चिंचेचा कोळ सांडला की डाग उठतो. ग्रॅनाइटवर लिंबाचं काही चाललं नाही. आपल्या आया ओट्यावर लिंबू चिरताना खाली ताटली का ठेवायच्या, ते मला तिथे उन्हात उभं राहून कळलं.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पुढची भेट सुताराच्या कारखान्यात होती.

मिस्त्रींनी जुन्या पद्धतीचं पॉलिश दाखवलं. डब्यात नारिंगी-तपकिरी पातळ पापुद्रे होते, काचेच्या चुऱ्यासारखे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर चोळायचे. सोन्यासारखी झळाळी आली. मी सवयीनं विचारलं, "हे कशाचं आहे?" मिस्त्री म्हणाले, "लाख आहे, ताई." वर्गात येऊन सरांनी पुढचं सांगितलं. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात. मादी स्वतःभोवती जो राळेसारखा थर करते, तीच लाख. फांद्या तोडून तो थर खरवडायचा, धुवायचा, वितळवायचा. त्यात किडे असतातच.

आणि जुन्या सुतारांचा गोंद? तो सरस, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला. १९५९ साली बळवंत पारेखांनी फेव्हिकॉल बाजारात आणलं आणि पुढे त्या पांढऱ्या गोंदानं सरसाची जागा घेतली. सर म्हणाले, "सरस पाण्यात सुटतो. लाखेचं पॉलिश पाण्यानं पांढरं पडतं." मला घरचं कपाट आठवलं. सुटलेली नक्षीची पट्टी, पांढरे चट्टे. ज्या सागवानी कपाटाचं मी तीन वर्षं कौतुक करत होते, त्यावर लाख आणि त्यात सरस. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, ते लग्नानंतर हौसेनं करून घेतलेलं. रात्री न जेवणारा आणि गाळल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. त्यांनीही सुताराला विचारलं नसणार.

त्या रात्री मी श्रावकानं टाळायचे पंधरा व्यवसाय पुन्हा काढून वाचले. पाठशाळेत पाठ केले होते, परीक्षेपुरते. आता साइटची वही शेजारी ठेवून वाचले. वनकर्म म्हणजे लाकूडतोड. स्फोटकर्म म्हणजे जमीन फोडणं, खाणी आल्याच. लाक्षावाणिज्य, ते तर सरळ नावानिशी. विषवाणिज्य. दंतवाणिज्यात नुसते दात नाहीत, हाडं, कातडं, केसही येतात, आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश डुकराच्या राठ केसांचा असतो हे मी त्याच आठवड्यात शिकले होते. माझा सगळा अभ्यासक्रम त्या यादीत होता. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात सागारधर्मामृतात या यादीचा उल्लेख करून म्हटलं आहे, की असे सदोष व्यवसाय मोजताच येत नाहीत, यादी पुरी पडणार नाही. मला ते एकदम आजचं वाटलं. यादीत फॉर्मल्डिहाइड कुठून असणार? ते आपलं आपणच बघायला हवं.

कोर्स सोडावा असं दोन दिवस वाटलं. मग वाटलं, मी सोडून काय होणार? घरं व्हायची थांबणार नाहीत, फक्त विचारणारी एक बाई कमी होईल.

खरी परीक्षा घरातच झाली. पुढच्या पावसाळ्यात माडीवरच्या स्वाध्यायाच्या खोलीत आईंनी कपाटातून एक ग्रंथ ओढला, तर पुठ्ठा हातात आला आणि आतली पानं माती झालेली. वाळवी. कपाटाच्या पाठीमागे भिंतीवरून मातीची नळी वर गेलेली. त्याच कपाटात अण्णांची वही होती. चाळीस वर्षं प्रवचनं ऐकताना त्यांनी हातानं लिहिलेल्या नोंदी, बारीक, तिरप्या अक्षरात.

यांनी लगेच औषधवाल्याला फोन लावला. तो येऊन बघून गेला. "भोकं पाडून औषध सोडतो, साफ होऊन जाईल." असलं काम मी आधी पाहिलं होतं. नव्या इमारतीचा पाया भरताना मातीवर औषध मारतात, ते दाखवायला सरांनी आम्हाला नेलं होतं. फवारणाऱ्या पोराच्या हातात साधे हातमोजे नव्हते. मुलं फोटो काढत होती आणि मी लांब उभी होते.

आई म्हणाल्या, "ज्या खोलीत जीव मारले, तिथं बसून मी सामायिक कसं करू?"

हे म्हणाले, "मग अण्णांची वही वाळवीला देऊ का?"

दोघंही बरोबर होते आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. घरात शिकलेली मीच ना! मी दोन दिवस मागून घेतले.

सरांना विचारलं. त्यांनी उत्तर न देता उलटाच प्रश्न केला, "ताई, पाणी कुठून येतंय?" ही वाळवी मातीतून येते आणि ओलीशिवाय तिचं भागत नाही. म्हणून ती उघड्यावरून न जाता मातीची नळी बांधून आतून चालते. वरच्या मजल्यावर तिला ओल मिळते, म्हणजे कुठेतरी गळतंय. कपाटाच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. प्लंबरनं फरशी उचलली तर आतल्या पाइपचा सांधा किती वर्षं झिरपत होता कोण जाणे. आणि त्या भिंतीला टेकून आम्ही २०१२ साली साध्या प्लायचं कपाट ठोकलं होतं. ओल आणि लाकूड आम्हीच शेजारी शेजारी मांडून ठेवलं होतं.

पाइप दुरुस्त केला. ग्रंथ एकेक करून बाहेर आणले, पांढऱ्या चादरीवर, सावलीत, मऊ ब्रशनं पान पान झटकलं. त्याला चार दिवस लागले. सतरा पुस्तकं गेली. अण्णांच्या वहीचा एक कोपरा सुरुवातीपासून अर्ध्यापर्यंत खाल्लेला होता, बाकी अक्षर वाचता येत होतं. कपाट न फोडता स्क्रू काढून सोडवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि टेम्पोत घालून शेतावर नेलं. बांधावर बाभळीचा एक जुना कुजका बुंधा आहे, त्याच्या सावलीत ठेवलं. आई हट्टानं बरोबर आल्या होत्या. म्हणाल्या, "पाणी गाळलं की जिवाणी आपण जिथलं पाणी तिथं परत सोडतो. हे तसंच."

मैत्रिणींनो, इथे गोष्ट थांबवली असती तर छान वाटलं असतं. पण मला वर्गात शिकवलेलं ठाऊक होतं. राणी वारुळात असते. लाकडात आलेल्या असतात त्या कामकरी, आपल्या वारुळापासून तुटल्यावर त्या फार दिवस जगत नाहीत. सांगावं की नाही या विचारात मी टेम्पोत गप्प बसले. घरी आल्यावर सांगितलं. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या हातून काही झालंच नाही असं म्हणायचं नाही. जेवढं टाळता आलं तेवढं टाळलं, एवढंच." दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मीही केला. यांनी एकाशन केलं, काही न बोलता.

शास्त्रात गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे, म्हणजे मारायचं ठरवून मारणं. घर चालवताना, उद्योग करताना घडते ती आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण सुटत नाही, तिथे जपून वागायचं. हे मला तोंडपाठ होतं. पण त्या दोहोंमधली रेघ एका झिरपणाऱ्या पाइपपाशी असते, हे मला तेव्हा कळलं. सांधा वेळेवर बघितला असता तर औषधाचा प्रश्नच आला नसता. जपणं म्हणजे आधी बघणं.

ज्यांच्या घरात औषध करावं लागलं त्यांना मी नावं ठेवत नाही. तुळई पोकळ झाली आणि वर माणसं झोपत असली तर काय करायचं, हे त्या घरानं ठरवायचं.

आता त्या खोलीत कडप्प्याची मांडणी आहे, लोखंडी अँगलवर, भिंतीपासून चार बोटं सुटी. वाळवी दगडावरूनही वाट बांधते, हे लक्षात ठेवा. पण काळ्या दगडावर ती मातीची रेघ लगेच दिसते, आणि मागे हात जातो म्हणून पुसता येते. दर चतुर्दशीला ग्रंथ झटकताना मी बॅटरी घेऊन मागे बघते. सागवानी कपाटाचं जुनं पॉलिश घासून काढलं आणि जवसाचं तेल चोळलं. (तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.) लाखेसारखी झळाळी नाही, पण पाण्याचे चट्टेही नाहीत. स्वयंपाकघरात खालच्या कपाटांना आयएस ७१०, पाय दगडाचे.

डिप्लोमा झाला. आता ओळखीतल्या दोन-चार घरांची कामं बघते. त्या घरच्या बायकांना मी आधी रंग दाखवत नाही. कापलेला तुकडा हातात देते आणि म्हणते, कड बघा. तुमच्याकडे काम निघालं तर मिस्त्रींना एवढं जरूर विचारा. प्लायवर शिक्का कोणता, आणि तोच नंबर बिलावर लिहून देणार का? गोंद कोणता? पॉलिश कशाचं? ब्रश केसांचा की नायलॉनचा? कपाटामागच्या भिंतीत पाइप आहे का? मिस्त्री पहिल्यांदा हसतील. माझ्यावरही हसले होते. दुसऱ्या दिवशी तेच शिक्का दाखवायला आले.

परवा लेक सुट्टीला आली होती. स्वाध्यायाच्या खोलीत अण्णांची वही उघडून बसली, खाल्लेल्या कोपऱ्याशी राहिलेली अर्धी अर्धी वाक्यं आईंना विचारून पुरी करत होती. आईंना बरीचशी आठवत होती. जिथे आठवलं नाही तिथे लेकीनं जागा कोरी सोडली.